पीट पॉसलथ्वेट : एका चेहऱ्याचे पाच बाप

तिसरी_घंटा | रविवार, रात्री १०:१२

परवा घरी 'इन्सेप्शन' लावला होता. लेकाला स्वप्नाच्या आत स्वप्न आणि त्याच्या आत आणखी एक, हे कोडं सोडवायचं होतं. मी मात्र एका म्हाताऱ्याची वाट बघत होते. तो येतो, बिछान्यावर पडलेला, ओठ जेमतेम हलतात. मॉरिस फिशर. अख्ख्या सिनेमात त्याच्या वाट्याला मोजकी मिनिटं आहेत. मुलाच्या मनात ठसठस अशी, की जाताना बाप आपल्याशी एकच शब्द नीट बोलला आणि तो होता 'निराश'. मुलगा म्हणतो, मी तुमच्यासारखा होऊ शकलो नाही म्हणून ना? म्हातारा म्हणतो, नाही, तू तसा व्हायला गेलास म्हणून. शेजारच्या तिजोरीत कागदाचं भिरभिरं सापडतं आणि मुलगा झालेल्या किलियन मर्फीचा बांध फुटतो. हे स्वप्न कोणीतरी रचलेलं आहे, बाप खराखुरा असं काही म्हणालेलाच नाही, हे आपल्याला पुरतं ठाऊक असतं. तरी आवंढा येतो.

लेकाने विचारलं, "आई, हा कोण गं?" त्याला तोंडी जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते.

हा पीट पॉसलथ्वेट. जन्म ७ फेब्रुवारी १९४६, वॉरिंग्टन. लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मधोमध वसलेलं कारखान्यांचं शहर. घर कष्टकऱ्याचं, कॅथलिक. चार भावंडांत हा शेंडेफळ. आधी पाद्री व्हायचं मनात होतं, मग शिक्षक झाला आणि मँचेस्टरच्या एका कॅथलिक शाळेत नाटक शिकवू लागला. चोविशीच्या सुमाराला ते सोडून ब्रिस्टल ओल्ड विक थिएटर स्कूलमध्ये शिकायला गेला. आडनाव बदल, असं त्याला पुष्कळांनी सुचवलं. एवढं लांब नाव दिव्यांच्या पाटीवर लावायचं तर विजेचं बिल परवडणार नाही, असं त्याचा पहिला एजंट म्हणाला होता. त्याने नाव बदललं नाही. चेहराही तसाच ठेवला : वर आलेली गालाची हाडं, ठेचल्यासारखं नाक, खोल डोळे. ज्या चेहऱ्याला एरवी मागच्या रांगेत उभं करतात, तो चेहरा घेऊन तो पुढे आला.

आता बापांकडे येते. मला या माणसाची कारकीर्द बापांच्या रांगेसारखीच दिसते.

पहिला बाप १९८८चा, टेरेन्स डेव्हिस यांच्या 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज'मधला. चाळीस-पन्नासच्या दशकांतलं लिव्हरपूल, एक गरीब कुटुंब, आणि घरात बायकोला नि पोरांना बडवणारा बाप. डेव्हिस यांनी स्वतःच्या घरावरून हे रचलं. त्यांचे वडील ते सात वर्षांचे असताना गेले. त्यातला नाताळचा प्रसंग मी विसरू शकत नाही. रात्री पोरं एका पलंगावर गाढ झोपली आहेत. बाप पायांचा आवाज न करता येतो, पलंगाच्या कडेला भेटीचे मोजे अडकवतो, क्षणभर थांबून त्यांच्याकडे बघतो. चेहऱ्यावर निव्वळ माया. पुढच्याच दृश्यात तेच कुटुंब नाताळच्या जेवणाला बसलं आहे आणि हाच बाप टेबलावरचा कपडा हिसडून भांडीकुंडी खाली पाडतो, बायकोला ओरडून आवरायला लावतो. या दोन दृश्यांमध्ये कारण दिलेलं नाही. कुठलाही नट इथे 'हा असा का' याचा एखादा धागा आपल्या हाती देऊन ठेवायचा मोह आवरू शकला नसता. पीट तो देत नाही. रात्रीची माया खरी आणि दुपारचा राक्षसही खरा. मारकुट्या बापाच्या घरात वाढलेल्या माणसाला विचारा, नेमकं हेच सांगेल. सततच्या माराची सवय होते, मधूनच दिसणाऱ्या मायेची होत नाही.

दुसरा बाप १९९३चा. जिम शेरिडन यांचा 'इन द नेम ऑफ द फादर'. ५ ऑक्टोबर १९७४ रोजी गिल्डफर्डच्या पबमध्ये बॉम्ब फुटले. बेलफास्टचा जेरी कॉनलन आणि आणखी तिघांना खोट्या कबुलीजबाबांवर जन्मठेप झाली. मुलाला वकील मिळवून द्यायला धावत लंडनला आलेल्या ज्युसेपी कॉनलन या आजारी बापालाही आत टाकलं. तो जानेवारी १९८० मध्ये कैदेतच गेला. जेरी आणि बाकीचे तिघे सुटले १९८९ मध्ये. सिनेमात बापलेक एकाच कोठडीत राहतात. प्रत्यक्षात तसं नव्हतं, पण त्या एका बदलावर सगळा सिनेमा उभा आहे. मुलगा डॅनियल डे-लुइस, बाप पीट. दोघांच्या वयात फरक फक्त अकरा वर्षांचा! पण पीट खांदे आत ओढून, श्वास तोकडा करून असा बसतो की तो मुलाहून तीस वर्षांनी मोठा नाही, असं एकदाही वाटत नाही. मुलगा चिडतो, ओरडतो, बापाच्या साधेपणाची लाज वाटते म्हणून सांगतो. बाप ऐकून घेतो. ऐकत असताना त्याचा चेहरा काय करतो ते फक्त बघा. बाप गेल्यावर कैदी आपापल्या खिडक्यांतून पेटते कागद खाली सोडतात, अंधारात ठिणग्या तरंगत उतरतात. तो मान त्या ज्युसेपीने न बोलता मिळवलेला असतो. या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्याच्या ऑस्करचं नामांकन मिळालं. पुरस्कार टॉमी ली जोन्सला गेला.

उरलेल्या तिघांपैकी एकाची सुरुवात वर झालीच. बाकी दोघांबद्दल प्रतिसादांत लिहिते, इथे बरेच जण माझ्याहून जास्त जाणणारे आहेत.

---

नीलाक्षी | रविवार, रात्री ११:०५

सुरेख. 'युज्वल सस्पेक्ट्स'मधला कोबायाशी म्हणजे हाच ना? मी तो चेहरा इतकी वर्षं ओळखत होते, पण नाव आज कळलं. आणि आडनावाचा उच्चार नक्की काय?

---

तिसरी_घंटा | रविवार, रात्री ११:२०

हो, तोच, १९९५. नाव जपानी, माणूस जपानी नाही, बोलणं कुठल्याच एका देशाचं नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी पुढचं सांगत नाही, पण शेवट कळल्यावर तो अजब उच्चार का योग्य होता ते उमगतं. त्या माणसाचा चेहरा ऐकणाऱ्याच्या डोक्यात जुळवला जात असतो.

उच्चार 'पॉसलथ्वेट'. इंग्रजी स्पेलिंगमधला (Postlethwaite) पहिला 'ट' गिळायचा.

---

प्रॉम्प्टर | सोमवार, सकाळी ८:४०

घंटाताई, सिनेमाच्या आधीची पंधरा वर्षं राहिली, म्हणून भर घालतो. माझ्या मते हा माणूस तिथेच घडला.

लिव्हरपूलमध्ये होप स्ट्रीटवर एव्हरीमन थिएटर आहे. १९६४ मध्ये एका जुन्या चॅपलच्या इमारतीत सुरू झालं. सत्तरच्या दशकात ॲलन डोसर यांच्या हाताखाली तिथे जी मंडळी जमली त्यांची नावं आज वाचली तर विश्वास बसत नाही : पीट, ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस, अँटनी शेर, बर्नार्ड हिल. तेव्हा कोणीच कोणी नव्हतं. लिहायला विली रसेल, ॲलन ब्लीझडेल. नाटक शहरातल्या लोकांबद्दल आणि त्यांच्याच बोलीत. एका छोट्या गटाने तर गाडीत सामान टाकून पबमध्ये जाऊन प्रयोग केले. बिअरचा ग्लास हातात घेऊन उभ्या असलेल्या, नाटक बघायला न आलेल्या माणसाला थांबवायचं म्हणजे काय असतं, हे ज्याने केलं आहे त्यालाच कळेल. मी हौशी रंगभूमीवर पडद्यामागे तीस वर्षं काढली आहेत. असे प्रयोग केलेला नट मला त्याच्या उभं राहण्यावरून ओळखू येतो. तो जागा मागत नाही, जागा करतो.

पुढे रॉयल शेक्सपियर कंपनी. १९८२च्या 'किंग लिअर'मध्ये मायकल गॅम्बन लिअर होते, अँटनी शेर विदूषक, आणि पीट कॉर्नवॉल, म्हणजे म्हाताऱ्या ग्लॉस्टरचे डोळे काढणारा, लिअरचा जावई. 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये तो बॉटम झाला, म्हणजे गाढवाचं डोकं लागणारा विनोदी विणकर. एक नट कॉर्नवॉलही आणि बॉटमही. हा पल्ला बघा.

१९९२ मध्ये नॅशनल थिएटरला 'लिटल व्हॉइस'च्या मूळ प्रयोगात रे से ही भूमिका त्याची होती, दिग्दर्शक सॅम मेंडिस. सिनेमात ती मायकल केनने केली.

---

वऱ्हाडी_वाटसरू | सोमवार, दुपारी १:१५

मी अमरावतीचा. माझी या माणसाशी ओळख वेगळ्याच दाराने झाली.

टीव्हीवर 'शार्प' नावाची मालिका होती, शॉन बीनची. नेपोलियनच्या काळातला इंग्रज शिपाई. त्यात ओबादाया हेक्सविल हा सार्जंट आहे, पीटने १९९४ मध्ये केलेला. लहानपणी फाशी देऊनही वाचलेला, मान झटकत बोलणारा, टोपीत तोंड घालून आईशी गप्पा मारणारा. इतका किळसवाणा खलनायक मी दुसरा पाहिलेला नाही. आणि तो टोपीशी बोलत असताना डोळ्यांत लहान मुलाचा भाव असतो, त्यामुळे आणखीच भीती वाटते.

मालिका घडते स्पेन-पोर्तुगालमध्ये. पण मूळ लेखक बर्नार्ड कॉर्नवेल यांनी नंतर १९९७ ते १९९९ मध्ये मागच्या काळातल्या तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि हेक्सविलला हिंदुस्थानात आणलं. पहिल्या कादंबरीत श्रीरंगपट्टण, दुसरीत १८०३चं अहमदनगर आणि असईची लढाई, तिसरीत गाविलगड! आमचा चिखलदऱ्याचा गाविलगड. मी शाळेच्या सहलीपासून तिथे जातो आहे. इंग्रजी कादंबरीत त्या दोन दरवाजांचं, मधल्या दरीचं वर्णन वाचताना हेक्सविलचा चेहरा डोळ्यांसमोर पीटचाच होता. वाचताना सारखं वाटत होतं की हा माणूस आपल्या तटाखाली उभा आहे.

ताई, हा तुमच्या बापांच्या यादीत बसत नाही, पण आईशी बोलणारा आहे म्हणून सांगितला.

---

तिसरी_घंटा | सोमवार, दुपारी २:३०

वाटसरू, हे मला अजिबात माहीत नव्हतं. असई आणि गाविलगड! फार आनंद झाला.

---

सरळरेघ | सोमवार, सायंकाळी ६:०२

थोडा विरोधी सूर लावतो. पीट उत्तम नट, वाद नाही. पण 'ड्रॅगनहार्ट', 'क्लॅश ऑफ द टायटन्स' असे सिनेमेही त्याने केले आणि त्यांत करण्यासारखं फार नव्हतं. स्पीलबर्गने त्याला जगातला सर्वोत्तम नट म्हटलं हे सगळे सांगतात, पण 'लॉस्ट वर्ल्ड'मध्ये त्याच सर्वोत्तम नटाला हातात बंदूक देऊन डायनासोरमागे धाडलं. 'ॲमिस्टाड'मधला सरकारी वकीलही एकरंगी आहे. चरित्र अभिनेत्याचं हेच दुःख वाटतं. सगळे मानतात, पण सिनेमा कोणी त्याच्याभोवती बांधत नाही.

---

प्रॉम्प्टर | सोमवार, सायंकाळी ७:१०

तुमच्या दुःखाशी सहमत, निष्कर्षाशी नाही. 'लॉस्ट वर्ल्ड'चा शिकारी रोलंड टेम्बो पुन्हा बघा. सोबतचा जुना सहकारी मेल्यावर त्याला पुढची नोकरी देऊ करतात, तेव्हा तो ती नाकारतो. मृत्यूच्या सहवासात पुरेसा वेळ घालवला, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. डायनासोरांच्या सिनेमात एका माणसाचा थकवा दिसतो, तो तेवढ्या एका वाक्यात.

स्पीलबर्गच्या त्या वाक्याबद्दल पीट स्वतः सांगायचा, की मूळ वाक्य बहुतेक 'पीटला वाटतं की तो जगातला सर्वोत्तम नट आहे' असं असावं.

आणि सिनेमा त्याच्याभोवती बांधलाच नाही, असं नाही. 'ब्रास्ड ऑफ' आहे.

---

काळा_हिरा | सोमवार, रात्री ९:४८

'ब्रास्ड ऑफ' म्हणजे कोळसा खाणीतल्या बँडचा सिनेमा तोच ना? माझे वडील चंद्रपूरकडे भूमिगत खाणीत होते, एकतीस वर्षं. मी पाहिलेला नाही. कोणी थोडं सविस्तर सांगेल का?

---

तिसरी_घंटा | सोमवार, रात्री १०:३०

दादा, माझा तिसरा बाप तोच आहे, म्हणून मीच सांगते.

१९९६, दिग्दर्शक मार्क हर्मन. यॉर्कशरमधलं ग्रिमली हे काल्पनिक गाव, पण ते ग्रिमथॉर्पवर बेतलेलं आहे. ग्रिमथॉर्पच्या खाण कामगारांचा ब्रास बँड खरा, आणि सिनेमातलं संगीतही त्याच बँडने वाजवलेलं. १९९२च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने खाणी बंद करायची घोषणा केली आणि त्यानंतर काहीच दिवसांत हा बँड लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकला. १९९३ मध्ये खाण बंद झाली.

पीट त्यात डॅनी आहे, बँडचा संचालक. आयुष्य खाणीत गेलेलं, फुप्फुसं कोळशाने भरलेली, रुमालावर काळं पडतं. गावात खाण राहणार की जाणार यावर मतदान चाललं आहे, पोराचं घर मोडतं आहे, सामान जप्त होतं आहे, आणि डॅनीच्या डोक्यात फक्त बँड. मुलगा फिल (स्टीफन टॉम्पकिन्सन) ट्रॉम्बोन वाजवतो आणि चार पैशांसाठी विदूषक होऊन मुलांच्या वाढदिवसांना जातो. बापाला त्याच्या ट्रॉम्बोनची काळजी आहे, त्याच्या घराची नाही. इथे पीट धीट आहे. डॅनीला तो गोड म्हातारा करत नाही. तो हट्टी आहे, आंधळा आहे, आणि त्या आंधळेपणाची किंमत मुलगा मोजतो.

मग डॅनी कोसळतो, दवाखान्यात पडतो. रात्री खिडकीखाली बँड जमतो. डोक्यावर खाणीतल्या टोप्या, टोप्यांवर पेटलेले दिवे, आणि अंधारात 'डॅनी बॉय' वाजू लागतं. वर पलंगावर तो ऐकतो आहे. शेवटी दिवे एकेक करून विझतात.

अल्बर्ट हॉलमध्ये बँड जिंकल्यावर डॅनी चषक नाकारतो आणि भाषण करतो. संगीत महत्त्वाचं आहे असं मला वाटायचं, पण माणसांपुढे त्याचं काहीच नाही, असं सांगतो. त्यात सील माशांचा आणि देवमाशांचाही उल्लेख आहे, त्यांच्यासाठी तुम्ही उठून उभे राहिला असता, म्हणून. या भाषणाचा तुकडा चुंबावांबा या बँडने १९९७ मध्ये आपल्या 'टबथंपिंग' गाण्याच्या अल्बममधल्या आवृत्तीत सुरुवातीला घेतला. लाखो लोकांनी पीटचा आवाज नाव न जाणता ऐकला आहे.

---

मर्सीकाठ | मंगळवार, पहाटे ३:२५

मी लिव्हरपूलजवळ राहते, बावीस वर्षं झाली. चौथा बाप मी प्रत्यक्ष पाहिला आहे, म्हणून राहवलं नाही.

२००८ मध्ये लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी होती. पीट तेव्हा बासष्टचा. 'किंग लिअर' करायचा आणि तो एव्हरीमनलाच, ही त्याची इच्छा. दिग्दर्शक रूपर्ट गूल्ड. ज्या रंगमंचावर तरुणपणी उमेदवारी केली तिथेच परत. नंतर लंडनला यंग विकमध्ये प्रयोग झाले. समीक्षकांत दोन तट पडले. दिग्दर्शकाच्या आधुनिक कल्पना अनेकांना खटकल्या, मलाही काही ठिकाणी खटकल्या.

पण एव्हरीमनची रचना अशी की रंगमंच पुढे प्रेक्षकांत घुसतो, तीन बाजूंना आपण. मी दुसऱ्या रांगेत होते. त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. शेवटी मेलेल्या धाकट्या मुलीला, कॉर्डेलियाला, घेऊन तो आला तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी बाईने माझा दंड घट्ट धरला. मध्यंतरापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. नाटक संपल्यावर तिने सांगितलं की ती सत्तरच्या दशकात त्याच इमारतीत त्याला बघायला यायची, तिकीट काढून, कारखान्यातली पाळी संपवून.

ती इमारत २०११ मध्ये बंद झाली आणि पाडली. नवीन थिएटर २०१४ मध्ये उभं राहिलं, त्याला वास्तुकलेचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. सुंदर आहे. पीट तोवर गेला होता. २ जानेवारी २०११, श्रूजबरीला, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने. वय ६४. 'द टाउन'साठी बाफ्टाचं नामांकन त्याच्या मृत्यूनंतर जाहीर झालं.

---

नीलाक्षी | मंगळवार, सकाळी ९:००

मर्सीकाठताई, अंगावर काटा आला. पाचवा बाप 'इन्सेप्शन'चा धरला तर यादी पूर्ण झाली. पण मला एक सहावा सापडला, रात्री शोधताना. 'द एज ऑफ स्टुपिड', २००९, फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांचा. २०५५ साली उद्ध्वस्त जगात एकटा उरलेला एक म्हातारा दस्तऐवज जपतो आहे आणि आपल्या काळातली खरीखुरी चित्रफीत बघत विचारतो, वेळ असताना यांनी स्वतःला का वाचवलं नाही? बाकी सगळं खरं चित्रण, फक्त पीट काल्पनिक. त्यातलं एक कथानक मुंबईचं आहे : जेह वाडिया आणि त्यांची स्वस्त विमान कंपनी गोएअर. ज्यांनी कधी विमान पाहिलं नाही त्यांना उडवायचं, ही त्यांची धडपड, आणि पन्नास वर्षांनंतरचा म्हातारा ते बघतो आहे. दोन्ही बाजू मला खऱ्या वाटल्या आणि त्यामुळे झोप लागली नाही.

त्याला २००४ मध्ये ओबीई हा ब्रिटिश किताब मिळाला होता. या सिनेमाच्या प्रीमियरला तेव्हाचे ब्रिटिश ऊर्जामंत्री एड मिलिबँड समोर होते. किंग्जनॉर्थचं नवं कोळशाचं वीजकेंद्र मंजूर केलंत तर मी किताब परत करीन, असं त्याने त्यांना तोंडावर सांगितलं.

---

सरळरेघ | मंगळवार, सकाळी १०:२०

कोळसा खाण कामगारांचा डॅनी करणारा माणूस कोळशाच्या वीजकेंद्राविरुद्ध उभा राहतो. हे मला विसंगत वाटत नाही, उलट आता तो मला जास्त कळला. अल्बर्ट हॉलमधलं भाषण माणसांसाठीच होतं. कालचा माझा सूर मागे घेतो. 'इन द नेम ऑफ द फादर' आज रात्री.

---

काळा_हिरा | मंगळवार, रात्री ११:३६

ताई, आज बाबांसोबत 'ब्रास्ड ऑफ' पाहिला. इंग्रजी त्यांना येत नाही, मी मधूनमधून सांगत होतो. पहिल्या वीस मिनिटांनंतर त्यांनी हातानेच गप्प केलं.

दिव्यांचा प्रसंग आला तेव्हा म्हणाले, पाळी सुटल्यावर आम्ही असेच दिवे लावून वर यायचो, लॅम्प रूमला दिवा जमा करेपर्यंत विझवायचं लक्षात राहायचं नाही. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. डॅनी खोकला की ते पडद्याकडे न बघता खाली बघत होते.

सिनेमा संपल्यावर त्यांनी विचारलं, हा माणूस खाणीत होता का रे? मी म्हटलं नाही, नट होता. म्हणाले, मग श्वास कसा घ्यायचा हे त्याला कोणी शिकवलं?